भूगोलाला पंधरवड्यातला एक दिवस द्या

प्रति,
ठाणे व नवी मुंबईतील महाविद्यालयांचे प्राचार्य आणि संस्थाचालक,
तसेच विद्यापीठाच्या भूगोल अभ्यास मंडळाचे अध्यक्ष व सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये नवे शैक्षणिक वर्ष सुरू होईल आणि वेळापत्रके पुन्हा आखली जातील. त्या वेळापत्रकात पदवीच्या भूगोलाच्या प्रत्येक वर्गाला पंधरवड्यातून एक अख्खा दिवस वर्गाबाहेर मिळावा, अशी माझी मागणी आहे. त्या दिवशी इतर विषयांचे तास ठेवू नयेत, म्हणजे मुलांची तिकडची हजेरी बुडणार नाही. आणि त्या दिवशी केलेल्या कामाला परीक्षेत भरघोस गुण असावेत. हे ठाणे आणि नवी मुंबईत जितके सोपे आहे तितके राज्यात फार थोड्या ठिकाणी असेल. ते का, एवढेच या पत्रात सांगायचे आहे.

मी ठाण्यातल्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवते. माझे बहुतेक विद्यार्थी कळवा, दिवा, ऐरोली, घणसोली, बदलापूर इथून येतात. खाडी ओलांडून येतात, पारसिकच्या बोगद्यातून येतात, उल्हास नदीच्या काठाने येतात, आणि वर्गात बसून ऱ्हाइनच्या खोऱ्याची आकृती वहीत उतरवून घेतात. ऱ्हाइन शिकवू नका असे मी म्हणणार नाही. पण रोज जी नदी दिसते तिचे पाणी कुठून येते आणि कुठे जाते हे तिसऱ्या वर्षाच्या मुलाला सांगता येत नसेल, तर आपण त्याला पदवी कशाची देतो आहोत?

क्षेत्रभेट अभ्यासक्रमात आहेच, हे मला ठाऊक आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर फील्ड प्रोजेक्टला स्वतंत्र क्रेडिटही मिळाले आहेत, आणि त्याबद्दल मनापासून आनंद आहे. प्रत्यक्षात मात्र अनेक ठिकाणी क्षेत्रभेट म्हणजे डिसेंबर-जानेवारीतली एक सहल. रात्रभर बसचा प्रवास, दुसऱ्या दिवशी पाच-सहा ‘पॉइंट’, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटे, समूहफोटो, परतीचा प्रवास. मग अहवाल. स्थान व विस्तार, हवामान, मृदा, वनस्पती, लोकजीवन असे मथळे ठरलेले, आणि मथळ्यांखालचा मजकूर मागच्या वर्षीच्या जर्नलमधला किंवा नेटवरून उतरवलेला. एक्स्टर्नल येतात, पाने उलटतात, व्हायवाला दोन प्रश्न विचारतात, सही होते. यात मुलांना बोल लावता येणार नाही. ज्या गावात ती एकदाच, तेही डोळ्यांवर झोप असताना गेली, त्या गावाबद्दल ती स्वतःचे काय लिहिणार?

माझे म्हणणे अगदी साधे आहे. लांबच्या एका मोठ्या सहलीऐवजी जवळच्या जागांना वर्षभर पुन्हा पुन्हा भेट द्यावी. त्याच जागी भरतीला जावे आणि ओहोटीला जावे, मे महिन्यात जावे आणि ऑगस्टमध्ये जावे, आणि दर वेळी काहीतरी मोजून, लिहून आणावे. भूगोल हा बदलाचा अभ्यास आहे, आणि एकदाच पाहिलेल्या जागेतला बदल दिसणार कसा?

खाडीपासून सुरुवात करते, कारण ती आपल्या सगळ्यांच्या दारात आहे. ठाणे खाडीच्या पश्चिम काठावरचे रोहित पक्ष्यांचे (फ्लेमिंगोंचे) क्षेत्र २०१५ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. ऐरोलीला वनविभागाचे सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून पक्षी पाहायला बोटी सुटतात. त्या बोटींची वेळ रोज बदलते. का बदलते, हा एक प्रश्न घेऊन वर्ग धक्क्यावर उभा राहिला की भरती-ओहोटीचा सगळा धडा तिथेच होतो.

एकदा आम्ही तसेच उभे होतो आणि मी मोबाईलवर भरतीचा तक्ता शोधत होते. कोळीवाड्यातून येणारा एक मुलगा, जो वर्गात सहसा तोंड उघडत नसे, हळूच म्हणाला, “मॅडम, आज पंचमी आहे ना? मग पावणेचारला भरती.” तक्ता उघडला, वेळ थोड्या फरकाने तीच होती. कशी काढलीस, विचारले. “तिथीची पाऊणपट करायची. आजोबा असंच काढतात.”

आपल्या किनाऱ्यावर हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. अमावास्येला आणि पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास येते, त्यानंतर जी तिथी असेल तिला पाऊणने गुणायचे. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पण पाऊणच का? यावर मुले धक्क्यावरच वाद घालू लागली. पुस्तकात भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते असे दिले आहे, आणि पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस. एकीने हिशेब मांडला: पंधरा तिथ्यांत भरतीची वेळ बारा तास सरकते, म्हणजे एका तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटे पडतात. मग आजोबांच्या सूत्रात दर तिथीला तीन मिनिटांची तूट येते आणि पौर्णिमेपर्यंत ती पाऊण तास होते. पंधराची पाऊणपट केली तर सव्वाअकरा येतात, बारा नाही. मग कोळी लोक चुकतात का? त्या कोळीवाड्यातल्या मुलाने उत्तर दिले की पुनवेला कोणी गुणाकार करत नाही, पुनवेची भरती बाराची हे सगळ्यांना माहीतच असते. चंद्राची गती, तिथीचे गणित, पारंपरिक ज्ञान आणि त्यातली अचूकतेची मर्यादा, सगळे एका वादात आले. पुढे आम्ही एक काम हाती घेतले. मुंबईतल्या अपोलो बंदरच्या तक्त्यातली भरतीची वेळ आणि खाडीच्या वरच्या टोकाला प्रत्यक्ष पाणी चढायचे थांबते ती वेळ, यांत किती अंतर पडते ते नोंदवायचे. त्यासाठी एक खुणा केलेला बांबू, एक घड्याळ आणि धीर एवढेच लागते. उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) आणि भांगाला (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला) हे अंतर सारखे राहते का, हे ठरवायला एक भेट पुरत नाही. म्हणून पंधरवड्यातला दिवस हवा.

त्या मुलाबद्दल आणखी एक सांगते. त्या दिवसानंतर चिखलात कुठे पाय ठेवायचा, निवटी हा चिखलातला मासा कुठल्या बिळात शिरतो, डोल जाळे ओहोटीच्या ओढीला कसे लावतात, हे वर्ग त्याला विचारू लागला. आगरी-कोळी घरांतली, शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरची मुले आपल्या वर्गात मागे बसतात, कारण वर्गातली भाषा आणि पुस्तकातली उदाहरणे त्यांची नसतात. बाहेर पडलो की ही उतरंड बदलते. शिक्षक म्हणून मला हे फार मोलाचे वाटते.

तिवरांच्या (कांदळवनातल्या झाडांच्या) रांगेत एक मीटर बाय एक मीटरची दोरीची चौकट टाकून चिखलातून वर आलेली श्वसनमुळे मोजायला सांगा. किनाऱ्यालगत एक चौकट, आत दहा पावलांवर दुसरी, आणखी आत तिसरी. आकडे वेगळे येतात आणि का वेगळे येतात हे मुलांना शोधावेसे वाटते. तिवराच्या पानाला जीभ लावली की खारट लागते; ज्याने ती चव घेतली त्याला मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथींची व्याख्या पाठ करावी लागत नाही. ज्या विद्यार्थ्यांना चिखलात उतरणे शक्य नाही त्यांनाही सोबत नेता येते, कारण ऐरोलीच्या केंद्रात तिवरांमधून बांधलेली पायवाट आहे.

आता खाडीच्या पलीकडे, नवी मुंबईत. १९७० मध्ये नवे शहर वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झाले आणि खाडीकाठच्या भाताच्या खाचरांवर, मिठागरांवर आणि खारजमिनींवर शहर उभे राहिले. यातला बराच भाग उधाणाच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे. मग पावसाचे पाणी जाते कुठे? त्यासाठी वाशी, नेरूळ, बेलापूर अशा नोडमध्ये (शहराच्या विभागांमध्ये) धारण तलाव बांधले, ज्यांना सगळे होल्डिंग पॉन्ड म्हणतात. कल्पना हॉलंडची. तलावाच्या खाडीकडच्या तोंडाला झडपा असतात. भरती आली की खाडीच्याच पाण्याच्या दाबाने झडप मिटते, ओहोटी लागली की तलावातले पाणी तिला ढकलून बाहेर पडते. वीज नाही, मोटार नाही. आमच्या कोकणातली जुनी खारबंदिस्तीची उघाडी, म्हणजे खारे पाणी अडवणाऱ्या बांधातली झडप, याच तत्त्वावर चालते, फक्त ती लाकडाची असते आणि शेताच्या बांधात बसवलेली असते.

हे चित्र फळ्यावर काढून दाखवता येते, पण उधाणाच्या दिवशी भर पावसात तिथे उभे राहून झडपेच्या दोन बाजूंची पाण्याची पातळी पाहिली की मुलांच्या तोंडून आपोआप प्रश्न येतो: भरती आणि ढगफुटी एकाच वेळी आली तर? मग २६ जुलै २००५ समजते. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरात कुलाब्याला जेमतेम पंचाहत्तरच्या आसपास. एका शहरात एवढा फरक पडतो, तर ठाण्याच्या येऊर डोंगराच्या पायथ्याशी आणि ऐरोलीत किती पडत असेल? हे तपासायला हवामान खात्याची वाट पाहावी लागत नाही. सरळ बाजूंच्या बाटल्या, फनेल आणि पट्टी घेऊन प्रत्येकाने आपल्या इमारतीच्या गच्चीवर पर्जन्यमापक मांडावा आणि रोज सकाळी साडेआठला नोंद करावी. एका वर्गात दहा-बारा उपनगरांतली मुले असतात, म्हणजे दहा-बारा केंद्रे फुकटात मिळतात.

धारण तलावांची पुढची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे, म्हणून तर ती विद्यापीठात शिकवायला हवी. वर्षानुवर्षे तलावांत गाळ साचला, पाणी साठवण्याची क्षमता कमी झाली. त्या गाळात तिवरे उगवली. आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे तिवरांना हात लावायचा तर न्यायालयाची परवानगी लागते. गाळ काढायचा की झाडे राखायची? एका बाजूला तळमजल्यावर राहणारी माणसे आहेत, दुसऱ्या बाजूला खाडीचे आरोग्य. विद्यार्थ्यांनी तलावाची खोली मोजावी, झाडे मोजावीत, आजूबाजूच्या सोसायट्यांत पाणी कुठपर्यंत येते ते विचारावे, आणि मग मत द्यावे. असे मत वर्तमानपत्रातल्या मतापेक्षा वजनदार असते, आणि पालिकेलाही ते उपयोगी पडेल.

रोहित पक्ष्यांचेही तेच. ओहोटीला ते खाडीच्या चिखलात चरतात आणि भरतीला चिखल पाण्याखाली गेला की नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर येऊन थांबतात. या पाणथळींना खाडीचे पाणी मिळणे बंद झाले तर पक्षी जागा सोडतात. भरतीच्या वेळी पाणथळीवर आणि ओहोटीच्या वेळी ऐरोलीला, अशी एकाच दिवसात दोन ठिकाणी गणना केली की खाडी आणि पाणथळ यांचे नाते मुलांना कुणी समजावून सांगावे लागत नाही.

भूरूपशास्त्रासाठी तर आपल्याकडे लोकल ट्रेन आहे. भारतातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आली, चौतीस किलोमीटर. हे सगळ्यांना पाठ असते. तिथून पुढचा मार्ग मात्र सह्याद्रीच्या रचनेचा आराखडाच आहे आणि त्याकडे कोणी पाहत नाही. प्रत्येक स्थानकाच्या टोकाला पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ठाण्याहून कसारा लोकल पकडा, प्रत्येक स्थानकावर ती उंची टिपा, आणि संध्याकाळी आलेखावर छेद काढा. कल्याणपर्यंत रेषा जवळपास आडवी राहते. आसनगावला माहुलीचा डोंगर दिसतो, पुढे खर्डी-कसाऱ्याकडे रेषा वर उचलते. कसाऱ्यात उतरून लांब पल्ल्याच्या गाडीला जादा इंजिने जोडताना पाहा. थळ घाटातला चढ ३७ला १ इतका आहे, एका इंजिनाच्या बळावर गाडी वर जात नाही. इतकी साधी तिकिटाच्या खर्चातली सफर, आणि तिच्यातून कोकणपट्टी, पायथा आणि कडा ही तीन भूरूपे मुलांच्या हाताखालून जातात.

दुसऱ्या पंधरवड्यात कल्याणहून एसटीने मुरबाडमार्गे नाणेघाटाच्या पायथ्याशी जावे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे लाव्ह्याचे थर तिथे एकावर एक जवळजवळ आडवे दिसतात. तेच थर पश्चिमेला पनवेल-कल्याणच्या पट्ट्यात आले की समुद्राकडे कलतात. भूगर्भशास्त्रज्ञ त्याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात. घाटात आडवा थर पाहिलेला विद्यार्थी नवी मुंबईच्या रस्त्यांसाठी कापलेल्या डोंगरात कललेला थर पाहतो आणि विचारतो की मधे काय झाले. हा प्रश्न त्याला पडला की शिक्षकाचे निम्मे काम झाले. नाणेघाटात सातवाहनांचा शिलालेख आहे, जुन्नरहून कल्याण-सोपाऱ्याकडे जाणारा व्यापारी मार्ग आहे, दगडी रांजण आहे. व्यापाराचा भूगोल शिकवायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. तुर्भ्याच्या बाजार समितीत पहाटे ट्रकवाल्यांना “माल कुठून भरला?” एवढे विचारून काढलेला प्रवाहनकाशा, म्हणजे माल कुठून कुठे जातो ते बाणांनी दाखवणारा नकाशा, त्याला जोडावा.

नकाशांबद्दल थोडे. मी शिकत असताना किनारपट्टीची टोपोशीट (सर्वेक्षण खात्याचे तपशीलवार नकाशे) हाताला लागत नसत, त्यांच्यावर निर्बंध होते. त्यामुळे ठाण्यात राहून आम्ही मध्य भारतातल्या कुठल्यातरी गावांची समोच्चरेषांची उदाहरणे सोडवली. २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने नकाशांवरची बंधने बरीच सैल केली. आता आपल्याच घराचा भाग नकाशावर शोधता येतो. जुन्या पद्धतीच्या क्रमांकात ठाणे शहर ४७ ए/१६ वर येते आणि मुंब्रा ४७ ई/४ वर, कारण ७३ अंश पूर्व रेखावृत्त कळवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यान जाते. रोज लोकलने ते रेखावृत्त ओलांडणाऱ्या मुलांना हे कळते तेव्हा ती खिडकीबाहेर पाहू लागतात. जुन्या नकाशावरचे तलाव आज जागेवर आहेत का ते पायी फिरून पाहणे, मासुंदा, कचराळी, रायलादेवीचे काठ होकायंत्र आणि टेपने मोजणे, मग क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणकप्रणालीत दोन्ही नकाशे एकावर एक ठेवणे, हे सगळे प्रॅक्टिकलच्या अभ्यासक्रमात बसते. कपाटातले प्रिझमॅटिक कंपास आणि डंपी लेव्हल त्यासाठीच घेतलेले असतात.

माणसांकडे गेल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. शहापूर तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे. मुंबईचे पिण्याचे पाणी तिथून जाते. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. बदलापूर-वांगणीला उल्हासने २०१९ च्या जुलैत पात्र सोडले, महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, हजारावर प्रवासी सोडवावे लागले. तिथल्या घराघरांत पाणी कुठपर्यंत आले होते ते लोक भिंतीवर हात ठेवून दाखवतात. ते हात जोडत गेलो की पूररेषेचा नकाशा तयार होतो. मात्र अशा ठिकाणी जाताना एक नियम पाळावा, असे मला कळकळीने वाटते. ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांना ती परत नेऊन द्यावी. ग्रामपंचायतीत किंवा सोसायटीच्या आवारात मुलांनी आपला नकाशा लावावा आणि चुका काढून घ्याव्यात. पुन्हा पुन्हा जाण्याचा हाही एक फायदा आहे.

सर पॅट्रिक गेडीस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र शिकवायला आले आणि १९२४ पर्यंत इथे होते. नगररचनेची आखणी करण्याआधी गाव पायी फिरून पाहा, लोकांशी बोला, हा त्यांचा आग्रह होता. विद्यापीठाला ही रीत शंभर वर्षांपासून ठाऊक आहे.

आता आपल्या शंकांविषयी. सुरक्षेची शंका सर्वांत मोठी आहे आणि ती रास्त आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. तेव्हापासून सहल म्हटले की प्राचार्यांच्या पोटात गोळा येतो, आणि यायलाच हवा. पण किनाऱ्याच्या जिल्ह्यात राहणाऱ्या मुलांना भरती केव्हा चढते आणि पाणी कुठून वळसा घालून येते हे कळलेच पाहिजे. मुले आपल्या पावली किनाऱ्यावर जातातच, आपण नेले नाही तरी. म्हणून नियम कडक करा. ओहोटी सरण्याआधी चिखलातून बाहेर, वीस विद्यार्थ्यांमागे दोन शिक्षक, बोटीत प्रत्येकाला लाइफ जॅकेट, पावसाळ्यात पांडवकड्यासारख्या धबधब्यांकडे फिरकायचे नाही, गटविमा वर्षाच्या सुरुवातीलाच. जवळची, ओळखीची, दर पंधरवड्याला पायाखालची जागा ही रात्रीच्या बसप्रवासापेक्षा आणि अनोळखी समुद्रापेक्षा कितीतरी सुरक्षित असते.

मुलींच्या पालकांचा प्रश्न मी रोज पाहते. मुक्कामाच्या सहलीला नाही म्हणणारे घर, सकाळी आठला निघून पाचला परत येणाऱ्या, सोबत शिक्षिका असलेल्या कामाला सहसा हो म्हणते. जागा निवडताना स्वच्छतागृह कुठे आहे हे आधी पाहावे. हे लिहायची वेळ येऊ नये, पण येते. खर्चाचे म्हणाल तर लोकलचे तिकीट, एसटीचे भाडे, घरचा डबा. लांबच्या सहलीला वर्गणी भरता न आल्यामुळे मागे राहणारी मुले यात मागे राहत नाहीत. संध्याकाळी नोकरी करणाऱ्यांना तारखा महिनाभर आधी कळल्या की ते सुट्टी मागून घेतात.

अभ्यासक्रम पुरा होणार नाही, असेही म्हटले जाईल. वर जे लिहिले त्यातले काय अभ्यासक्रमाबाहेरचे आहे? भरती-ओहोटी, कांदळवने, खडक, नकाशावाचन, नगररचना, जलसंधारण, बाजारपेठ. एकेक प्रकरण बाहेर शिकवले की वर्गातले तितके तास मोकळे होतात. लॉकडाऊनपासून संगणकावरच्या आभासी क्षेत्रभेटींचा आग्रह वाढला आहे. निघण्याआधी जागा पाहायला आणि आल्यावर नकाशा करायला त्या उत्तम आहेत. चिखलाचा वास आणि पाण्याचा खारेपणा त्यात नाही, आणि त्यात मुलाला कोणी उलटा प्रश्न विचारत नाही.

अभ्यास मंडळाला माझी विनंती आहे की प्रॅक्टिकलच्या गुणांतला मोठा वाटा टंकलिखित अहवालाला न देता क्षेत्रवहीला द्यावा. जागेवर, पेन्सिलीने, तारीख-वेळ-तिथी घालून लिहिलेली, चिखलाचे डाग पडलेली वही. एक्स्टर्नलने व्हायवा जमेल तर त्या जागीच घ्यावा. एका उधाणाच्या दिवशी झडपेसमोर उभे राहून विचारलेला प्रश्न नक्कल करून सुटत नाही. प्राचार्यांना विनंती की ठाणे-नवी मुंबईतल्या महाविद्यालयांनी मिळून वर्षाचे एक सामायिक पंचांग करावे, त्यात कोणत्या तारखेला कुठे भरती, कुठे ओहोटी, कोण कुठे जाणार हे असावे. कांदळवन कक्ष, वनविभाग, पालिका, सिडको यांच्याकडून प्रत्येक भेटीला वेगळी परवानगी काढण्यात शिक्षकांचा जीव जातो. सर्वांच्या वतीने वर्षाला एकच पत्र जावे. महागडी उपकरणे एकमेकांना उसनी द्यावीत. ज्या नाखव्याने, ज्या पाड्यावरच्या आजीने वर्गाला शिकवले, त्यांना अतिथी व्याख्यात्याचे मानधन मिळावे, आणि ते मागण्यासाठी शिक्षकाला तीन टेबलांवर जावे लागू नये.

आणि नोंदी जपाव्यात. भरतीच्या वेळा, गाळाची खोली, गच्च्यांवरचा पाऊस, पक्ष्यांची गणना, हे सगळे दर वर्षी रद्दीत जाते, कारण जर्नल तपासले की त्याचे काम संपते. सगळ्या महाविद्यालयांच्या नोंदी एका जागी, एकाच पद्धतीने ठेवल्या तर पहिल्या वर्षाला आलेल्या मुलाला आधीच्या तुकड्यांचे आकडे हाताशी मिळतील आणि तो त्यांत आपली भर घालेल. खाडीची पातळी, धारण तलावांतला गाळ, शहराची उष्णता यांवर निर्णय घेणाऱ्यांना असे सलग आकडे हवे असतात आणि ते क्वचितच मिळतात.

आमच्या विभागाने वर्षभराच्या भेटींचा कच्चा आराखडा, क्षेत्रवहीचा नमुना आणि सुरक्षेच्या नियमांचा मसुदा तयार केला आहे. मागाल त्या महाविद्यालयाला तो देऊ. अभ्यास मंडळाची पुढची बैठक वेळापत्रके ठरण्याआधी व्हावी आणि हा विषय तिच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा. बैठकीआधी मंडळाच्या सदस्यांनी एक दिवस आमच्या वर्गाबरोबर यावे, असे आग्रहाचे निमंत्रण आहे. पौर्णिमेचा दिवस धरा, म्हणजे झडप मिटताना आणि उघडताना दोन्ही पाहता येईल. तारीख कळवली की बोटीची आणि डब्याची सोय आम्ही करू.

आपली,
ठाण्यातील भूगोलाची एक प्राध्यापिका